बाहीखाली सहज सरकणारे घड्याळ

वाचकाचे पत्र : मी ४३ वर्षांची आहे. सहा महिन्यांपूर्वी माझ्याकडे आमच्या विभागाचे प्रमुखपद आले. आजवर मी साधीच राहत आले आहे. पद मिळाल्यावर एका वरिष्ठ सहकाऱ्याने मला सुचवले की, आता पदाला शोभेल असे राहायला हवे. म्हणून मी मोठ्या अक्षरांत ब्रँडचे नाव असलेली एक बॅग आणि जाड सोनेरी घड्याळ विकत घेतले. पहिल्याच बैठकीत सुरुवातीची दहा मिनिटे सगळे त्या बॅगेबद्दलच बोलत राहिले आणि मला फार ओशाळल्यासारखे झाले. आता बॅग कपाटात पडून आहे आणि घड्याळाचा मुलामाही कडेने उडू लागला आहे. मात्र पूर्वीसारखी राहू लागले, तर मुलगी म्हणते, ‘आई, तू अगदी फिकी दिसतेस.’ मला भपका नको आहे आणि गबाळेपणाही नको आहे. मी कशावर खर्च करावा, आणि कोणत्या क्रमाने?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत विश्वासार्ह वाटलेली गोष्ट म्हणजे त्या बैठकीत तुम्हाला वाटलेला संकोच. तो न्यूनगंड होता असे समजू नका. तुम्ही कामाविषयी बोलायला गेला होता आणि तुमच्याआधी तुमची बॅग बोलून मोकळी झाली, हे तुमच्या मनाने अचूक टिपले. ‘नाकापेक्षा मोती जड’ ही म्हण आपण एरवी वेगळ्या अर्थाने वापरतो, पण राहणीच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरते. वस्तू माणसापेक्षा जड झाली की समोरच्याची नजर वस्तूवरच थांबते आणि ती माणसापर्यंत परत यायला वेळ लागतो.

तरीही तुमच्या मुलीचे म्हणणे मी बाजूला सारणार नाही, कारण तिचेही खरे आहे. साधे कपडे घातले आणि दागिने कमी केले, एवढ्याने शालीनता येत नाही. भरगच्च नक्षीच्या कापडावर एखादी शिवण वाकडी गेली, तर ती नक्षीत हरवून जाते. एकरंगी, साध्या कापडावर तीच शिवण पहिल्या नजरेत दिसते. साध्या वस्तूला लपायला जागाच नसते. म्हणून साधे राहणाऱ्या माणसाला भपक्याने राहणाऱ्यापेक्षा जास्त काटेकोर राहावे लागते. मुलीला तुमच्यात जो फिकेपणा दिसतो, तो बहुधा रंगांचा किंवा दागिन्यांच्या संख्येचा नसून सैल पडलेल्या खांद्यांचा, झिजलेल्या टाचांचा आणि धुऊन धुऊन विटलेल्या काळ्या रंगाचा असावा. मी तुम्हाला पाहिलेले नाही, त्यामुळे हा माझा अंदाज आहे. पण अशी पत्रे लिहिणाऱ्या अनेकांच्या बाबतीत तो खरा ठरलेला आहे.

या विचाराला मोठा इतिहास आहे. इंग्लंडमध्ये १७७८ साली जन्मलेल्या ब्यू ब्रुमेल या गृहस्थाने, दरबारी पुरुष भरतकाम केलेले रेशीम मिरवत होते त्या काळात, गडद निळा कोट, फिकट रंगाची विजार आणि रोज धुतलेले स्वच्छ पांढरे शर्ट एवढ्यावर लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळाची अभिरुची बदलून टाकली. त्याचा सारा वेळ कपड्यांची बेतशीर शिवण, गळ्यातल्या पट्टीची गाठ आणि अंगाची स्वच्छता यांवर खर्च होत असे. आजच्या पुरुषी सूटची परंपरा त्याच्या त्या कोटापर्यंत मागे नेता येते. मात्र त्याच्या आयुष्याचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. जुगार आणि कर्ज यांमुळे त्याला १८१६ साली लंडन सोडून फ्रान्सला पळावे लागले आणि १८४० साली तो तिथेच विपन्नावस्थेत वारला. हे मुद्दाम लिहिते, कारण साधेपणाही अतोनात महाग विकता येतो आणि आज तो तसा विकला जातो. कोणतेही नाव नसलेला, पण जाणकारांना किंमत बरोबर कळेल असा स्वेटर घेणे हाही एक डामडौलच आहे, फक्त त्याचा प्रेक्षकवर्ग छोटा आहे. तुम्ही एका खड्ड्यातून नुकत्याच बाहेर पडला आहात, तेव्हा लगेच दुसऱ्यात उतरू नका.

म्हणून पहिला खर्च दुकानात करू नका, शिंप्याकडे करा. कपाटातले, सर्वांत जास्त वापरले जाणारे तीन कपडे काढा आणि एकेक अंगावर चढवून दिवसाच्या उजेडात आरशासमोर उभ्या राहा. सर्वप्रथम खांद्याची शिवण पाहा. ती खांद्याचे हाड जिथे संपते तिथे बसली पाहिजे. ती दीड-दोन सेंटिमीटर जरी खाली उतरली, तरी चांगल्यातला चांगला कपडा दुसऱ्याचा मागून आणल्यासारखा दिसतो, आणि आत ओढली गेली असेल तर हात पुढे करताना पाठीवर आडव्या चुण्या पडतात. खांदा दुरुस्त करणे सर्वांत अवघड असते, कारण त्यासाठी बाही पूर्ण उसवावी लागते आणि कित्येकदा कॉलरही उघडावी लागते. कंबर आत घेणे, बाहीची लांबी कमी करणे, खालची दुमड वर घेणे ही कामे मात्र कोणताही चांगला शिंपी सहज करतो. यावरून खरेदीचा एक नियम निघतो, जो मी गेली कित्येक वर्षे पाळते आहे : खांदा बसत नसेल, तर कपडा कितीही आवडला तरी परत ठेवायचा, खांदा बसत असेल, तर बाकीचे जमवून घेता येते.

त्यानंतर बाही. हात सैल सोडला असता ती मनगटाच्या हाडापाशी थांबावी. वर जॅकेट असेल, तर त्याच्या बाहीखालून शर्टाचा कफ साधारण एक सेंटिमीटर दिसावा. आणि एक गोष्ट जी बहुतेक जण विसरतात : कपडा उभ्याने घालून पाहायचा, तसाच बसूनही पाहायचा. तुमचा बहुतांश दिवस खुर्चीत जातो. बसल्यावर बटणांच्या मधे फट पडत असेल किंवा विजार पोटरीपर्यंत वर चढत असेल, तर आरशासमोरचे उभे रूप निरुपयोगी आहे. ट्रायल रूममध्ये बसायला जागा नसेल, तर बाहेर येऊन दुकानातल्या खुर्चीवर बसून पाहा. यात लाजण्यासारखे काहीही नाही.

नवा शर्ट घ्यायची वेळ आली, तर त्याच्या किमतीची चिठ्ठी पाहण्याआधी त्याची बाजूची शिवण डोळ्यांजवळ धरा. चांगल्या शर्टात एका सेंटिमीटरमध्ये सात-आठ बारीक टाके असतात, घाईने शिवलेल्यात चार-पाचच. बटणाचे काज आतून पाहा. दोरे पिंजारलेले असतील, तर ते काज फार धुणी सोसणार नाही. चौकडीचे किंवा रेघांचे कापड असेल, तर शिवणीच्या दोन्ही बाजूंच्या रेघा एकमेकींना भिडतात की नाही, ते पाहा. त्या जुळवायला कापड जास्त लागते, म्हणून जिथे काटकसर केली जाते तिथे त्या हमखास चुकतात. समोरच्याला यातले काही मोजून कळत नसते, पण एकूण परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचतो.

रंगांविषयी थोडक्यात सांगते. दोन गडद आणि दोन फिकट रंग ठरवून घेतले, की बहुतेक कपडे एकमेकांशी जुळतात. गडद रंगांत माझा कौल काळ्यापेक्षा गडद निळ्याला आहे, कारण काळा विटला की त्यावर तपकिरी किंवा हिरवट झाक येते आणि ती लगेच डोळ्यांत भरते, तर निळा उतरत गेला तरी निळाच राहतो.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे, म्हणजे सोबतच्या वस्तूंकडे वळू. इथे मला जपानमधली एक रीत आठवते. एडो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या दरम्यान, व्यापारी वर्गाने काय नेसावे यावर राज्यकर्त्यांची बंधने होती. त्या व्यापाऱ्यांनी त्यातून मार्ग असा काढला की, वरून पाहता साधी, गडद रंगाची हाओरी, म्हणजे किमोनोवरचा अंगरखा, घालायची. पण तिचे अस्तर मात्र चित्रे रंगवलेल्या उंची रेशमाचे. अंगरखा काढून ठेवताना क्षणभर जे दिसेल तेवढेच. सक्तीतून आलेली ही गोष्ट पुढे सुरुचीची खूण मानली गेली. मला ती अतिशय सुंदर वाटते, आणि साधे राहायचे म्हणजे हौस मारायची, या समजुतीला त्यात उत्तरही आहे. तुम्हाला लालभडक रंग आवडत असेल, तर तो बॅगेच्या अस्तराला असू द्या. त्याचा आनंद तुम्हाला दिवसातून दहा वेळा मिळेल आणि बैठकीत त्यावर कोणी दहा मिनिटे बोलणार नाही.

बॅगेविषयी लिहिताना माझी एक चूक सांगते. पूर्वी मी एका दुकानातून ‘अस्सल लेदर’ अशी चिठ्ठी लावलेली तपकिरी बॅग घेतली होती. दोन पावसाळे झाले आणि तिच्या पट्ट्यावरचा थर टिकलीएवढ्या पापुद्र्यांनी सुटू लागला. माझ्या खांद्यावर तपकिरी कण पडत, आणि ते दुसऱ्याने झटकेपर्यंत मला कळत नसत. नंतर समजले की, चामड्याचा चुरा चिकटवून त्यावर पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा थर दिलेले ते साहित्य होते. दमट हवेत पॉलियुरेथेन हळूहळू विघटित होते, आणि एकदा ते सुटू लागले की त्यावर उपाय नसतो. याउलट ज्याचा वरचा नैसर्गिक थर घासून काढलेला नाही, अशा चामड्यावर बारीक छिद्रे आणि क्वचित एखादा जुना ओरखडाही दिसतो. अंगठ्याने दाबल्यावर त्यावर बारीक सुरकुत्या उमटतात आणि सोडल्यावर हळूच मावळतात. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडे तर वापराने गडद होत जाते आणि वर्षागणिक देखणे दिसते. घेताना कडा पाहा : त्या रंगवून घोटलेल्या किंवा दुमडून शिवलेल्या असाव्यात. आणि चेन चार-पाच वेळा पूर्ण उघडझाप करून पाहा, कारण बॅगा बहुधा चामड्याने नव्हे, तर चेनने दगा देतात. बाहेरून नाव दिसायला नको, हे तुम्हाला आता सांगायला नकोच.

तुमच्या घड्याळाचा मुलामा उडाला याचे कारण साधे आहे. स्वस्त मुलाम्यात सोन्याचा थर अर्ध्या मायक्रॉनहूनही कमी असू शकतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. घाम आणि बाहीचे घर्षण यांपुढे तो किती दिवस टिकणार? सोनेरी रंगाचा मोह असेल, तर चांदीवर निदान अडीच मायक्रॉन सोन्याचा थर असलेले दागिने तुलनेने बरेच टिकतात. पण माझे स्पष्ट मत असे की, रोज वापरायची वस्तू आतबाहेर एकाच धातूची असावी. पोलादाचे घड्याळ झिजले, तरी खालून पोलादच दिसते. ९२.५ टक्के शुद्धतेची चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे काळवंडते खरी, पण कापडाने पुसली की पुन्हा उजळते. मुलाम्याची वस्तू मात्र नवी असते त्या दिवशीच सर्वांत चांगली दिसते, पुढचा प्रत्येक दिवस उताराचा असतो.

मोत्यांचाही विचार करा, कारण गडद कपड्यांवर मोत्याइतके शांतपणे उठून दिसणारे दुसरे काही मला माहीत नाही. १८९३ साली जपानच्या मिकिमोतो यांना शिंपल्यात मोती तयार करण्यात यश आले, आणि पुढे या संवर्धित मोत्यांमुळे एकेकाळी केवळ राजघराण्यांना परवडणारी ही वस्तू सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शनेल तर खऱ्या मोत्यांत खोटे मोती बेधडक मिसळून घालत असे, तेव्हा खोट्यांचीही लाज बाळगू नका. फक्त ते खरे म्हणून मिरवू नका. खरा मोती दाताच्या कडेवर हलकेच घासला, तर रवाळ लागतो, काचेचा किंवा प्लॅस्टिकचा गुळगुळीत लागतो. मोती मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असल्यामुळे तो मऊ असतो, आणि अत्तर, केसांचा स्प्रे व घाम यांनी त्याचे पाणी उतरते. म्हणून तो सगळ्यात शेवटी घालावा, सगळ्यात आधी काढावा आणि मऊ कापडाने पुसून, इतर दागिन्यांपासून वेगळा ठेवावा. सर असेल, तर प्रत्येक दोन मोत्यांच्या मधे गाठ मारून ओवलेला घ्या. दोरा तुटला तरी एकच मोती निसटतो आणि मोती एकमेकांवर घासतही नाहीत. एका वेळी किती दागिने घालावेत, हे विचाराल, तर चेहऱ्याजवळ एक आणि हाताशी एक, एवढे तुमच्या कामाच्या ठिकाणी पुरे आहे.

तुम्ही चष्मा लावता की नाही, हे पत्रात लिहिलेले नाही. लावत असाल, तर तीच तुमची सर्वांत जास्त पाहिली जाणारी वस्तू आहे. काड्या सैल झालेल्या, नाकावरचे पॅड पिवळे पडलेले आणि काचांवर बोटांचे ठसे असा चष्मा लावून वर मोत्याचे कानातले घालणे म्हणजे पाया सोडून कळसाला रंग देण्यासारखे आहे. पॅड बदलायला काही मिनिटे लागतात. पादत्राणांचेही तेच. टाचेखालचा रबरी तुकडा वेळेवर बदलला, तर खरी टाच झिजत नाही. आणि एकच जोडी रोज न घालता मधे एक दिवस विश्रांती दिली, तर आतला ओलावा वाळून ती कितीतरी अधिक टिकते. अत्तर हाताच्या अंतरावरच्या माणसाला जाणवावे, त्यापलीकडच्या माणसाला जाणवू नये. वाद असला तरी मी यावर ठाम आहे.

या सगळ्याला आठवड्यातून अर्धा तास द्या. पुढच्या पाच दिवसांचे कपडे काढून ठेवा, लोकरीच्या कपड्यांवर आलेले गोळे काढा, सुटू लागलेले बटण त्याच वेळी टाचून घ्या, बॅग रिकामी करून पुसा. हा अर्धा तास नसेल, तर मी वर लिहिलेल्या कोणत्याही खरेदीचा उपयोग होणार नाही, असे मी अगदी मनापासून सांगते. फिकेपणा आणि शालीनता यांतले अंतर मला तरी बहुतेक वेळा या अर्ध्या तासाएवढेच आढळले आहे.

त्या वरिष्ठ सहकाऱ्याचे बोलणे तुम्ही मनाला लावून घेतलेले दिसते. पदाला शोभेल असे राहणे म्हणजे पद दुरून ओळखू येईल असे राहणे, हा अर्थ त्यांनी सांगितला होता की तुम्ही काढला, ते एकदा तपासून पाहा. लोक पद मान्य करतात ते तुमच्या निर्णयांवरून. राहणीने एवढेच साधायचे असते की त्या निर्णयांवरून लक्ष उडू नये. आणि मुलीला शिंप्याकडे जाताना सोबत घेऊन जा. ज्या डोळ्यांना फिकेपणा दिसला, त्यांना उतरलेला खांदाही दिसेल, आणि पाठीवरच्या चुण्या तर तुम्हाला स्वतःला आरशात नीट दिसणारच नाहीत.

कपाटातली बॅग वापरायचीच, या हट्टाने तिला आणखी वर्षभर सांभाळू नका. ज्याला ती मनापासून आवडेल, अशा कोणाला तरी विकून टाका आणि आलेल्या पैशांतून आधी शिंप्याचे काम उरका, मग पादत्राणांची एक चांगली जोडी घ्या. बॅग त्यानंतर. तोवर जुनी बॅग पुसून, चामड्याचे मलम लावून वापरली तरी पुष्कळ आहे.

घड्याळ सर्वांत शेवटी घ्या, कारण ते घाईत घेतले की हमखास मोठे घेतले जाते. पॅरिसमध्ये राहणाऱ्या आल्बेर्तो सांतोस-दुमाँ या ब्राझिलियन वैमानिकाला उड्डाण करताना खिशातले घड्याळ काढता येत नसे. त्याच्यासाठी तिथले जवाहिरे लुई कार्तिए यांनी १९०४ साली मनगटावर बांधायचे एक चपटे, चौकोनी घड्याळ बनवले, आणि एका हाताच्या सोयीसाठी काढलेला तो आकार शंभराहून अधिक वर्षे झाली तरी जुना वाटत नाही. तुम्हीही सोयीपासूनच सुरुवात करा. पट्टा जिथे जोडला जातो, ती वरची आणि खालची टोके मनगटाच्या रुंदीबाहेर जाऊ देऊ नका. काच सफायरची मिळाली तर उत्तम, कारण कठीणपणाच्या दहापर्यंतच्या मोहस् मापनात ती ९ वर असते आणि साधी काच साडेपाचच्या आसपास. ओरखड्यांचा प्रश्न तिथेच मिटतो. आत सेलवर चालणारे क्वार्ट्झ यंत्र असले, तर त्यात कमीपणा मुळीच नाही. वेळ तेच जास्त अचूक दाखवते. जाडी आठ-नऊ मिलिमीटरच्या आत असावी, पण आकड्यावर विसंबू नका. दुकानात जाताना कामावर घालता तोच शर्ट घाला, कफाचे बटण लावा, घड्याळ बांधा आणि हात टेबलावर ठेवून पुन्हा खाली घ्या, असे तीन-चार वेळा करा. बाही त्याच्यावर अडकून राहिली, तर ते घड्याळ परत ठेवा आणि त्याहून पातळ दाखवायला सांगा.